मोहियोद्दीनभाईंचा हातमोजा

गुलमंडीत आमच्या कापडाच्या दुकानासमोर, अरुंद बोळाच्या पलीकडे, मोहियोद्दीनभाईंचं किल्ल्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लाकडी फळी, तिच्यावर किल्ली पकडायचा शिकंजा, शेजारी कानशींची पेटी आणि मागे एक खोली. मी गल्ल्यावर बसलो की नजर समोर जायची ती थेट त्या फळीवर. माझी बायको आशाबाई म्हणते, तुम्ही जन्मात गिऱ्हाइकापेक्षा मोहियोद्दीनभाईंनाच जास्त बघितलं. खोटं नाही. गिऱ्हाईक घासाघीस करून निघून जातं, मोहियोद्दीनभाई तिथेच असायचे.

अंगानं वाळके, डोक्यावर काळी टोपी, नखांत पितळेचा चुरा. कानस चालवून चालवून उजवा खांदा थोडा खाली आलेला. बोलणं कमी, आणि तेही हातातलं काम थांबवून. किल्ली घासताना बोललं की एखादा दात जास्त घासला जातो, असं त्यांचं म्हणणं.

गावात त्यांचं नाव होतं ते कारागिरीसाठी नव्हे. किल्ल्या करणारे आणखी होते, आणि त्यांतले एक-दोघे हातानं यांच्यापेक्षा चलाख होते. मोहियोद्दीनभाईंचं नाव होतं ते इमानासाठी. आमच्या ओळीतल्या एका सराफाची तिजोरीची किल्ली हरवली तेव्हा त्यानं यांनाच बोलावलं. मी गंमत बघायला गेलो होतो. तासभर खटपट झाली, कुलूप खट्‌कन उघडलं, आणि त्याच क्षणी मोहियोद्दीनभाईंनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत प्यायला पाणी मागितलं. सराफ म्हणाला, अहो, बघा की, तुमच्यापासून काय लपवायचं? हे म्हणाले, "माझं काम कुलपापर्यंत. आत काय हाय ते तुमचं." सराफानं ही गोष्ट सगळ्या गावात सांगितली. पुढे लोक आपल्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवायला लागले.

हे इमान त्यांना वडिलांकडून आलं होतं. पोलीस अॅक्शनच्या आधी रझाकारांच्या धास्तीनं आमच्यातली काही घरं गाव सोडून गेली, अॅक्शननंतर त्यांच्यातली काही गेली. दोन्ही वेळा माणसं दाराला कुलूप घालून किल्ली मोहियोद्दीनभाईंच्या वडिलांकडे देऊन गेली. आलो तर घेऊ, म्हणाली. काही आली, काही आली नाहीत. न आलेल्यांच्या किल्ल्या मागच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या होत्या. त्या घरांत केव्हाच दुसरी माणसं राहायला आली, दारं बदलली, काही घरं तर पाडून तिथे मजले चढले. तरी मोहियोद्दीनभाई दर वर्षी रमजानच्या आधी त्या किल्ल्या उतरवून तेल लावून पुसायचे. मी एकदा विचारलं, कुलूपच राहिलं नाही तर किल्ली कशाला पुसता?

"अमानत हाय, रामकिसनभाऊ," ते म्हणाले. "लोकांची ठेव. कुलूप गेलं म्हणून अमानत जात नाय."

अशा माणसाचा पत्ता सरकारी बांधकामांच्या गुत्तेदारांना, म्हणजे ठेकेदारांना, लागला नसता तरच नवल. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, अशी आपल्यात म्हण आहे. इथे उलटं झालं. चोरांनीच आपापल्या किल्ल्या आणून साधूच्या हाती दिल्या.

ते कसं, ते सांगतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर जिल्ह्यात बांधकामांना ऊत आला. शाळा, दवाखाने, पूल, पाझर तलाव. सरकारी कामाची कागदावरची रीत अशी की गुत्तेदारांनी बंद पाकिटात आपापला भाव लिहून द्यायचा आणि ज्याचा भाव कमी त्याला काम. प्रत्यक्षातली रीत अशी की सगळे गुत्तेदार आधी एकत्र बसून ठरवायचे, हे काम कोणाचं. मग त्यानं लिहायचा तो भाव सगळ्यांत कमी, आणि बाकीचे मुद्दाम त्याच्याहून जास्त लिहायचे. हा कमी म्हणजेही चांगला भरपूर असायचा. ज्याला काम मिळालं त्यानं बाकीच्यांना त्यांचा वाटा द्यायचा, कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत हात ओले करायचे, आणि मग जे उरेल त्यात इमारत उभी करायची. याला रिंग म्हणत. आम्ही कापडवाले मापताना कापड जरा ताणतो, तर गाव आम्हाला चोर म्हणतं. हे लोक नदीवरचा पूल ताणायचे, आणि गाव त्यांना रामराम घालायचं.

आमच्याकडच्या रिंगेचे कर्ते होते तात्यासाहेब. मोठे गुत्तेदार, पांढरे स्वच्छ कपडे, देवळाच्या कळसाला आणि दर्ग्याच्या चादरीला सारखीच देणगी. पूर्वी हे लोक काम कोणाचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मग एकानं आपली चिठ्ठी ओलसर करून टाकली की काय, असा संशय आला आणि मारामारीपर्यंत प्रकरण गेलं. तेव्हा तात्यासाहेब पाच-सहा जणांना घेऊन एका दुपारी मोहियोद्दीनभाईंच्या मागच्या खोलीत येऊन बसले. दार उघडंच होतं. मला समोरून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. लपवायचं काही आहे असं त्यांतल्या कोणाला वाटतच नव्हतं.

"मामू," तात्यासाहेब म्हणाले, "चिठ्ठ्यांवर आता कोणाचा भरवसा राह्यला नाय. ज्यानं त्यानं आपल्या गोदामाची किल्ली माठात टाकायची अन् तुम्ही एक काढायची. ज्याची किल्ली त्याचं काम. तुमच्या हातावर शंका घेणारा या गावात पैदा झाला नाय."

मोहियोद्दीनभाईंनी थोडा विचार केला. म्हणाले, "पन शंका घ्यावी असाच हात हाय माझा."

त्यांनी सगळ्यांच्या किल्ल्या एका कोरड्या माठात टाकायला लावल्या, तोंड भिंतीकडे केलं आणि माठात हात घातला. "ही पुंजारामची. दुसरा दात मीच बसवला हाय. ही तात्यासाहेबांची, हिची मान जाड. ही बद्रीनाथची, टोक घासलंय." एकेक किल्ली बाहेर येत होती आणि एकही चुकली नाही. मग ते उठले, बोळाच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान होतं तिथून जाड चामड्याचा हातमोजा घेऊन आले आणि उजव्या हातात चढवला. "आता मी आंधळा," म्हणाले. "असं चालत असंल तर काढतो."

तात्यासाहेबांनी दोन्ही हात जोडले. मी गल्ल्यावर बसून बघत होतो. खरं सांगतो, एवढा सच्चेपणा मी देवळातही बघितला नव्हता.

तेव्हापासून ती रीतच पडली. कामं निघाली की गुत्तेदार यायचे, किल्ल्या माठात पडायच्या, मोहियोद्दीनभाई हातमोजा चढवून एक काढायचे, ज्याची असेल त्याचं नाव घ्यायचे. चहा यायचा. त्या चहापलीकडे त्यांनी कधी काही घेतलं नाही. एकदा तात्यासाहेबांनी ईदला घरी कापड पाठवलं, माझ्याच दुकानातलं होतं, तर त्यांनी ते मलाच परत आणून दिलं आणि माझी विक्री बुडवली. मी चिडून विचारलं, हा सगळा कारभार तुम्हाला पटतो का? कानस थांबवून म्हणाले, "लोक भांडतात, मी भांडण मिटवतो. कोणाचं घेत नाय, कोणाचं ठेवत नाय. बाकीचं त्यांचं त्यांच्यापाशी." घेत नाही म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

मोहियोद्दीनभाईंना एकच मूल, मुलगी जोहरा. बापाच्या अगदी उलट, बोलायला लागली की थांबायची नाही. बापानं शिकवलं, ती मास्तरीण झाली. नवऱ्याचं फर्दापूरला लेण्यांच्या प्रवाशांसाठी चहा-फराळाचं दुकान होतं, आणि जोहराला नोकरी अजिंठ्याच्या बाजूच्या एका गावात सरकारी शाळेत मिळाली. शाळा म्हणजे पत्र्याचं छप्पर. उन्हाळ्यात पोरं भाजायची, पावसात तिचा आवाज पत्र्याच्या आवाजात बुडून जायचा. माहेरी आली की आधी माझ्या दुकानात डोकावायची, "काका, फळा पुसायला चिंध्या ठेवल्या का?" मी तिच्यासाठी कातरण बाजूला ठेवत असे.

एका खेपेला ती आली ती खुशीत. गावाला पक्क्या खोल्या मंजूर झाल्या होत्या, वर स्लॅब. पण खुशीत एक खडा होता. शेजारच्या गावात पुंजाराम गुत्तेदारानं दवाखाना बांधला होता. तिथल्या बाईनं कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तर भिंतीतून वाळू गळायला लागली आणि थांबेना. जोहरानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. बापलेक आपसात दखनीत बोलायचे, मी मराठीत सांगतो.

"अब्बा, शाळा पुंजारामकडे जाऊ देऊ नका. बद्रीनाथला मिळू दे. आमच्या फर्दापुरात त्यांनी दोन घरं बांधलीत, एक भेग नाही."

"माझ्या हातात नाही, बेटा. माठातून जी येईल ती."

"माठात हात तर तुमचाच असतो."

ती गेल्यावर मोहियोद्दीनभाई कानस हातात धरून नुसतेच बसून राहिले. समोर एक गिऱ्हाईक किल्ली घेऊन उभं होतं, त्याच्याकडेही लक्ष नव्हतं.

त्या हातमोज्याची एक गोष्ट मला पुढे कळली, पण ती इथेच सांगितलेली बरी. एवढ्या वर्षांत त्याच्या तर्जनीचं टोक झिजून भोक पडलं होतं. त्यांच्या बायकोनं, जमिलाभाभींनी, ठिगळ लावून देते म्हणून मागितला तर, राहू दे, लावू नंतर, म्हणाले होते. तोवर माठात हात घालताना ते तेवढं बोट मुडपून घ्यायचे, म्हणजे किल्लीला कातडी लागायला नको. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला माहीतही नव्हतं. त्यांचं ते आपलं आपण.

शाळेचं काम माठात आलं त्या दिवशी रिंग नेहमीसारखीच बसली. उन्हं बोळात उतरली होती. पुंजाराम पान चघळत होता, बद्रीनाथ भिंतीला टेकून बसला होता. सिल्लोडकडचा शेतकऱ्याचा पोरगा, गवंड्याच्या हाताखाली राबून गुत्तेदार झालेला, मोठ्यांच्या बैठकीत अजून अवघडून बसायचा. किल्ल्या पडल्या. मोहियोद्दीनभाईंनी हातमोजा चढवला आणि हात आत घातला. एरवी हात जायचा आणि यायचा. त्या दिवशी तो जरा आत रेंगाळला. माझ्याशिवाय ते कोणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही, कारण एवढी वर्षं रोज त्यांच्याकडे बघणारा मीच.

"बद्रीनाथ," ते म्हणाले. किल्ली त्याच्या हातात दिली, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"नशीब काढलंस की," तात्यासाहेब बद्रीनाथला म्हणाले. पुंजारामनं बाहेर येऊन पिंक टाकली. माणसं पांगली. मोहियोद्दीनभाईंचा चहा फळीवर तसाच राहिला.

संध्याकाळी मी दुकान आवरत होतो तेव्हा त्यांनी हाक मारली. हातमोजा पुढे केला, भोक दाखवलं. "रामकिसनभाऊ, आज अमानतीत खयानत झाली, इमान मोडलं. बोट मुडपलं नाय मी. चाचपून काढली."

मी म्हणालो, "लेकरांसाठी केलंत. पाप नाही ते."

"एकदाच केलं," ते म्हणाले. "बस्स, एकदाच."

पुढे कितीतरी दिवस हा शब्द त्यांच्या तोंडी होता. मध्येच कानस थांबवायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, एकदाच केलं ना? मी हो म्हणायचो, मग कानस पुन्हा सुरू व्हायची. नमाजाला पूर्वीपेक्षा लवकर जायला लागले. जमिलाभाभींनी हातमोज्याला ठिगळ लावून दिलं, जाड, दुहेरी.

शाळा झाली. गुलाबी रंग, पुढे ओटा, भिंतीवर सुविचार. जोहरा बर्फीचा पुडा घेऊन आली, आम्हा दोघांना बळेबळे तोंडात भरवली. मोहियोद्दीनभाईंनी त्या शाळेच्या दारासाठी पितळी कुलूप स्वतःच्या हातानं बनवलं, पैसे न घेता. एवढं चांगलं कुलूप त्यांनी सराफालाही दिलं नसेल. ते लावायला दोघे नवराबायको एस.टी.नं गेले, भिंतीवर हात फिरवून आले. परत आल्यावर चार दिवस माणूस हलका दिसला. मला वाटलं, चला, एक गाठ सुटली.

तिसऱ्या पावसाळ्यात त्या शाळेचा स्लॅब पडला.

मधली सुट्टी होती. पोरं ओट्यावर आणि मैदानात होती. जोहरा एकटी आत पाट्या तपासत बसली होती. पोरं सांगतात, आधी खडी पडल्यासारखा आवाज आला, आणि मग मधला तुकडाच्या तुकडा खाली आला. जोहराचा पाय गुडघ्याखाली चेंगरला. गावकऱ्यांनी बैलगाडीत, मग जीपमध्ये घालून तिला शहरातल्या दवाखान्यात आणलं. मी गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. बोलत नव्हती. जोहरा बोलत नाही हे मी पहिल्यांदा बघितलं. पाय वाचला. पण ती लंगडी झाली ती कायमची. खोलीचं दार मात्र शाबूत होतं, आणि कडीला लटकवलेलं ते पितळी कुलूपही.

चौकशी लागली. चौकशीत असं निघालं की त्या वर्षी पाऊस फार झाला होता.

जोहरा दवाखान्यात असतानाच एक दिवस बद्रीनाथ मोहियोद्दीनभाईंच्या दुकानात आला. डोळे सुजलेले होते. त्याला बघून मी बोळ ओलांडून गेलो. मला वाटलं, म्हातारा याच्या अंगावर धावून जाईल. म्हातारा जागचा हलला नाही.

"मामू, माझ्या हातून झालं," बद्रीनाथ म्हणाला. "तोंड दाखवायला जागा नाय मला."

"तुझी घरं मी बघितली रे," मोहियोद्दीनभाई म्हणाले. "फर्दापूरची. दोन्ही उभी हायेत. मग शाळेला काय झालं तुला?"

"ती घरं होती मामू. घरमालक उरावर बसून सिमेंट टाकून घेतो, अन् त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नसतो. शाळेचं तसं कुठं व्हतंय? रिंगेचे वाटे गेले. कचेरीचं गेलं. उरलं त्यात तेवढंच सिमेंट बसत व्हतं. पुंजारामनं केलं असतं तर त्यानंबी तेवढंच टाकलं असतं. मी लई तर वाळू धुऊन घेतली, तेवढाच फरक." तो खाली बघून म्हणाला, "कोणाचीबी किल्ली काढा मामू, कुलूप एकच हाय."

मोहियोद्दीनभाईंनी हातातली कानस पेटीत ठेवली. मग म्हणाले, "मी तुझी चाबी वळखून काढली व्हती."

"म्हंजी?"

"हातमोज्याला भोक व्हतं. मी चाचपलं. तुझीच पाहिजे म्हणून तुझीच काढली. तू चांगलं काम करतो म्हणून."

बद्रीनाथ दोन पावलं मागे सरला. स्लॅब पडला हे सांगताना त्याचं तोंड रडवेलं होतं, आता ते पांढरं पडलं. "तुम्ही?" एवढंच म्हणाला. "मामू, तुम्ही बघून काढली?" आणि चप्पल घालायची विसरून तसाच अनवाणी बोळाबाहेर गेला.

पुढे त्यानं काय केलं? ज्याच्या हातून शाळा पडली त्या माणसाला ही गोष्ट मनात ठेववेना. त्यानं तात्यासाहेबांना जाऊन सांगितलं. रिंगेत खोटं चालत नाही, म्हणाला.

दोन दिवसांनी सगळी रिंग मागच्या खोलीत हजर झाली. चौकशी ही खरी. सरकारी चौकशीत कोणी घसा कोरडा केला नसेल तेवढा या लोकांनी इथे केला. हातमोजा मागवला, उलटा करून बघितला, ठिगळ उसवून भोक बघितलं. ते भोक केव्हापासून होतं, आणखी कोणकोणत्या वेळी बोट लागलं असेल, यावर खल झाला. मोहियोद्दीनभाई कानशींच्या पेटीवर बसून होते. विचारलं तेवढं सांगत होते.

"ते काम माझं असू शकत व्हतं," पुंजाराम म्हणाला. "माझं नुकसान झालं हे."

तात्यासाहेबांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. "मामू," ते म्हणाले, "तुम्ही चार पैसे घेऊन हे केलं असतं तर आम्ही समजून घेतलं असतं. माणसाला गरज पडते. पन तुम्ही तर मनानं केलं. आता भरवसा कशावर ठेवायचा आम्ही?"

निकाल असा झाला की बद्रीनाथनं पुढच्या दोन वेळा माठात किल्ली टाकायची नाही. माठ तात्यासाहेबांच्या माणसानं उचलून नेला. त्या दोन तासांत शाळेचं नाव आलं ते काम म्हणून आलं. दवाखान्यात पोरगी कशी आहे, हे एकानंही विचारलं नाही. मला तेव्हा जी चीड आली ती अजून गेलेली नाही. मी माझ्या ओट्यावरून ओरडून विचारणार होतो, पण मोहियोद्दीनभाईंनीच माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

महिन्याभरात गुलमंडीत कुजबुज सुरू झाली. मोहियोद्दीनभाईंनी म्हणे लबाडी केली. काय, कुठे, कशात, हे कोणी सांगत नव्हतं, कारण सांगणार काय? लबाडी, एवढा शब्द पुरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. ज्यांच्या घरच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे होत्या ते एकेक करून परत न्यायला आले. कोणी म्हणालं, घर विकतोय. कोणी म्हणालं, पोरगा पुण्याहून आलाय, त्याला लागते. सराफ स्वतः आला नाही, त्यानं नोकर पाठवला. मोहियोद्दीनभाई प्रत्येकाला किल्ली पुसून देत होते. मागच्या भिंतीवर राहिल्या त्या फक्त न येणाऱ्यांच्या.

जोहराला दवाखान्यातून सोडलं तेव्हा ती काही दिवस माहेरी राहिली. काठी घेऊन दुपारी दुकानात येऊन बसायची. हळूहळू पुन्हा बोलायला लागली होती. लोक कुजबुजतात ते तिच्याही कानावर गेलं होतं, आणि एका दुपारी तिनं बापाला सरळ विचारलं. मी तिथेच होतो, तिच्यासाठी कातरण घेऊन गेलो होतो.

मोहियोद्दीनभाईंनी तिला सगळं सांगितलं. माठ, हातमोजा, भोक, बद्रीनाथची घासलेली किल्ली. काही लपवलं नाही आणि काही सजवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझ्यासाठी केलं, बेटा. माझ्या हातून बेइमानी झाली. पण एकदाच झाली. रामकिसनभाऊ गवाह आहेत."

मी मान हलवली.

"आणि बाकीच्या वेळी?" जोहरानं विचारलं.

मोहियोद्दीनभाई ताठ झाले. पुष्कळ दिवसांत त्यांचा खांदा एवढा वर आलेला मी बघितला नव्हता. "बाकीच्या वेळी एकदाही नाही. भोक पडल्यावर तर बोट मुडपून घेत होतो. कोणाची चाबी, मला कधी कळली नाही. अल्लाची कसम."

जोहरा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसली होती. आवाज चढवला नाही. वर्गात पोराला गणित विचारावं तसं तिनं विचारलं, "मग बाकीच्या वेळची कामं झाली त्या गावांत शाळा नव्हत्या का, अब्बा?"

मोहियोद्दीनभाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी शिकंजा सैल केला आणि पुन्हा आवळला. त्यात किल्ली नव्हती.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, दुकानही उघडायचे. गिऱ्हाईक थोडं थोडं परत आलं, कारण किल्ल्या हरवायच्या थांबत नाहीत. जोहरा अजिंठ्याकडे परत गेली, पुन्हा पत्र्याखाली शिकवायला लागली, आणि पडक्या खोलीच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा तेही कुठल्यातरी माठातूनच कोणालातरी गेलं असणार. मोहियोद्दीनभाई रोज समोर बसायचे, कानस मध्येच थांबवायचेही. पण एकदाच केलं ना, असं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.